मुलांचे मुख, चामखिळीचा विषाणू आणि खानदेश

वसंतात व्याख्याने ऐकण्याची जी प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली, ती पुढे महाराष्ट्रात गावोगावी रुजली. अशा व्यासपीठावर इतिहास हा विषय निघाला की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे गड, लढाया, सनदा आणि बखरी उभ्या राहतात. धुळ्यात तर हे विशेषच स्वाभाविक आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस याच शहरी निवर्तले आणि त्यांनी पायपीट करून मिळविलेली दप्तरे येथे जतन झाली. अस्सल पुरावा हाती आल्यावाचून विधान करू नये, ही शिस्त त्यांनी महाराष्ट्राला लावली. हीच शिस्त आज आम्ही एका रोगाच्या इतिहासाला लावून पाहणार आहो. रोगांनाही इतिहास असतो. आणि त्यांच्याविषयीच्या गैरसमजांना तर फारच मोठा इतिहास असतो.

आमचा विषय आहे चामखीळ उत्पन्न करणारा विषाणू आणि लहान व वाढत्या वयाच्या मुलांच्या मुखात होणारा त्याचा शिरकाव. त्याचे शास्त्रीय नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस; व्यवहारात एच. पी. व्ही. या तीन अक्षरांनी तो ओळखला जातो. नाव परके वाटले तरी वस्तू ओळखीची आहे. आपला 'चामखीळ' हा शब्द संस्कृत 'चर्मकील' या शब्दापासून आला आणि चर्मकीलाचे वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. घोड्याच्या शेपटीचा केस चामखिळीला बांधावा, तिला चुना लावावा, असले उपाय आपल्याकडील वडीलधाऱ्या माणसांना ठाऊक असत. ती का येते हे मात्र कोणासच ठाऊक नव्हते.

त्याचा पहिला पक्का पुरावा १९०७ साली इटलीत मिळाला. ज्युसेप्पे चिउफो नावाच्या डॉक्टराने चामखीळ वाटून तिचा रस अत्यंत बारीक गाळणीतून गाळला. जंतूदेखील पार होऊ नयेत अशी ती गाळणी होती. तो रस त्याने स्वतःच्याच कातडीत टोचून घेतला, आणि काही महिन्यांनी तेथे चामखिळी उगवल्या. जंतूहूनही सूक्ष्म असे काही तरी एका देहातून दुसऱ्या देहात जाते, हे त्यावरून सिद्ध झाले. चामखीळ हा शाप नव्हे, रक्तदोष नव्हे. तो स्पर्शाने पसरणारा संसर्ग आहे. १९३३ साली अमेरिकेत रिचर्ड शोप यांनी रानसशांच्या अंगावरील चामखिळींचा विषाणू शोधला, आणि लवकरच असे दिसून आले की त्या चामखिळींतून पुढे कर्करोगही होऊ शकतो. सशाचे जे झाले ते माणसाचे होत असेल काय, हा प्रश्न तेव्हापासून शास्त्रज्ञांपुढे उभा राहिला.

या प्रश्नाचा दुसरा धागा त्याहून जुना आहे. इटलीतील व्हेरोना शहरातील मृत्यूंच्या नोंदी तपासून रिगोनी-स्टर्न यांनी १८४२ साली दाखवून दिले की, विवाहित स्त्रियांच्या मानाने जोगिणींमध्ये गर्भाशयाचा कर्करोग फारच थोडा आढळतो. दप्तरे चाळून काढलेला हा निष्कर्ष राजवाड्यांनाही मान्य झाला असता! आणि शंभर वर्षांनी याच पद्धतीचे काम आपल्या मुंबईत झाले.

परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर हे भारतातील आधुनिक विकृतिशास्त्राचे आद्य पुरुष होत. कर्करोग सर्वांना सारखा होत नाही. समाजासमाजाच्या चालीरीतींप्रमाणे त्याची जागा व त्याचे प्रमाण बदलते, हे त्यांनी हिंदू, पारशी, मुसलमान व ख्रिस्ती रुग्णांच्या नोंदी ताडून दाखविले. मुखाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या १,००० रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ साली प्रसिद्ध केला. भुसावळ-मुंबई लोहमार्गाने परळ गाठणारे कर्करोगाचे रुग्ण खानदेशातून तेव्हाही जात आणि आजही जातात. आपल्या भागातील किती घरांनी हा प्रवास केला असेल, याची कल्पना श्रोत्यांनी आपापल्या आप्तेष्टांच्या आठवणीवरून करावी.

त्या काळी मुखाच्या कर्करोगाचा आरोपी म्हणून तंबाखू पुढे आला, आणि त्या आरोपाला पुरावाही भरभक्कम मिळाला. डॉ. फली मेहता आणि डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग यांच्या मार्गदर्शनाखाली पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ खेडुतांची मुखे घरोघर जाऊन तपासण्यात आली; त्याचा वृत्तांत १९७२ साली प्रसिद्ध झाला. तळहातावर चुना मळून गालात धरलेली चिमूट, दातांना लावलेली मिसरी, ओढलेली विडी यांचे ठसे तोंडाच्या नाजूक त्वचेवर कसे उमटतात, हे अशा पाहण्यांनी निर्विवाद ठरविले. हे आम्ही मुद्दाम आधी सांगतो. पुढे आम्ही विषाणूची गोष्ट सांगणार आहो. ती ऐकून कोणी तंबाखूला निर्दोष सोडू नये. भारतात मुखाच्या कर्करोगाचे प्रमुख कारण आजही तंबाखू व सुपारी हेच आहे. मुखाच्या कर्करोगात विषाणूचा वाटा किती, याविषयी आपल्याकडील निरनिराळ्या अभ्यासांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. तंबाखूविषयी मात्र असा मतभेद नाही. महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली ती याच कारणासाठी.

आता विषाणूकडे वळू. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने १९८३ साली या विषाणूचा १६ क्रमांकाचा आणि १९८४ साली १८ क्रमांकाचा प्रकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ओळखला. या कार्यासाठी त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आज ज्ञात आहेत. त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी, काही चामखीळ आणणारे, आणि थोडेसेच कर्करोगास कारण होणारे. १९८३ सालीच फिनलंडमधील सिर्यानेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुखाच्या काही कर्करोगांतही या विषाणूच्या खुणा असल्याचे मांडले. पुढे २००० साली अमेरिकेत मॉरा गिलिसन यांच्या गटाने टॉन्सिल व जिभेचे मूळ या घशालगतच्या भागातील कर्करोगांशी १६ क्रमांकाचा संबंध स्पष्ट केला. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. गाल, हिरड्या व जिभेचा पुढचा भाग हे प्रामुख्याने तंबाखूचे क्षेत्र; टॉन्सिल व जिभेचे मूळ हे या विषाणूच्या आवडीचे ठिकाण.

मग मुलांचा यात संबंध काय? हा विषाणू मुलांच्या मुखात अनेक वाटांनी येतो. जन्माच्या वेळी तो मातेकडून बालकास मिळू शकतो. फिनलंडमध्ये मातापिता आणि त्यांची बालके यांच्या मुखांचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्यात आला, तेव्हा तान्ह्या मुलांच्या मुखातही तो आढळला, आणि बहुतेकांच्या मुखातून तो आपोआप निघूनही गेला. बोटावरची चामखीळ कुरतडण्याची सवय असलेल्या मुलाच्या ओठावर तशीच चामखीळ उठते, ही दुसरी वाट. १९६५ साली आर्चर्ड, हेक आणि स्टॅन्ले यांनी अमेरिकेतील मूळ रहिवासी जमातींच्या मुलांच्या ओठांवर व गालांच्या आतील बाजूस उठणाऱ्या मऊ गाठींचे वर्णन केले. त्या १३ व ३२ या क्रमांकांच्या प्रकारांनी होतात, एकाच घरातील भावंडांत दिसतात, आणि पुष्कळदा औषधावाचून मावळतात. किशोरवयानंतर शरीरसंबंधातून, त्यांतही मुखाच्या संबंधातून, कर्करोगाशी नाते असलेले प्रकार येण्याचा संभव वाढतो. तेथेही शरीर आपल्याच बळावर बहुतेक संसर्ग वर्ष-दोन वर्षांत घालवून देते. जो थोडा संसर्ग ठाण मांडून बसतो, त्यातूनच कित्येक वर्षांनी, बहुधा पुढील दशकांत, रोग उद्भवण्याचा धोका असतो.

या हकिकतीतून एक गोष्ट स्वच्छ दिसते. मुलाच्या तोंडात चामखीळ दिसली म्हणून त्याच्या वा त्याच्या आईच्या वर्तनावर बोट ठेवणे हे अज्ञान होय. क्वचित प्रसंगी अशी चामखीळ, विशेषतः नाजूक जागेवरची, मुलावर झालेल्या अत्याचाराची खूणही असू शकते; ते पाहणे जाणत्या डॉक्टरांचे काम आहे, शेजारपाजारच्या कुजबुजीचे नव्हे. दोन्ही परिस्थितींत मूल निर्दोषच असते.

बालवयात या विषाणूचे खरे क्रौर्य दिसते ते स्वरयंत्रात. ६ आणि ११ या क्रमांकांचे प्रकार क्वचित एखाद्या बालकाच्या स्वरयंत्रावर द्राक्षांच्या घोसासारख्या गाठी उठवितात. मुलाचा आवाज घोगरा होतो, रडणे फुटत नाही, पुढे श्वास कोंडतो. गाठी काढल्या तरी पुन्हा येतात. अशा मुलांवर वारंवार शस्त्रक्रिया करण्याची पाळी येते. लंडनचे मोरेल मॅकेन्झी यांनी १८७१ साली हा रोग वेगळा ओळखला. परंतु त्याला आळा घालण्याचा उपाय पुढील सव्वाशे वर्षांत कोणास सापडला नाही. तो सापडला लशीच्या रूपाने.

लशीच्या इतिहासात महाराष्ट्राच्या खेड्यांनी जे कार्य केले, ते आपल्या लोकांना फारसे माहीत नाही. १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, एक मोठा अभ्यास सुरू झाला. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो हाती घेतला. खेड्यांचे ५२ गट पाडण्यात आले आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात आल्या. काही गटांत विषाणूची चाचणी झाली, काहींत इतर दोन पद्धतींनी तपासणी झाली, आणि एका गटात केवळ माहिती देण्यात आली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठ वर्षांच्या अवधीत, ज्यांची विषाणू-चाचणी एकदाच झाली होती त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. ज्यांना तपासणी मिळाली नव्हती त्या गटात ६४. शेतात राबणाऱ्या, अक्षरओळखही नसलेल्या कित्येक स्त्रियांनी परक्या माणसांकडून आपली तपासणी करवून घेतली, म्हणून जगाला हे कळले. तपासणीविना ठेवलेल्या गटाविषयी पुढे तीव्र टीका झाली. त्या ६४ स्त्रियांपैकी काही वाचल्या असत्या, ही गोष्ट कोणासही नाकारता येणार नाही. ज्ञानाची किंमत कोणी मोजली, याची नोंद इतिहासाने केलीच पाहिजे.

लशीचे तत्त्व असे. ऑस्ट्रेलियात १९९१ साली इयान फ्रेझर व जियान झोऊ यांनी विषाणूचे केवळ बाहेरचे कवच प्रयोगशाळेत तयार केले. त्यात रोग उत्पन्न करणारा गाभा नसतो. पण शरीर ते पाहून सावध होते आणि प्रतिकाराची तयारी करून ठेवते. शेतकऱ्याने शेतात उभे केलेले बुजगावणे पाहून पाखरे घाबरतात. येथे मात्र बुजगावणे पाहून राखणदारच जागा होतो. २००६ साली पहिली लस वापरात आली. ही लस आधी जडलेला संसर्ग बरा करीत नाही. म्हणूनच ती विषाणूशी गाठ पडण्यापूर्वी, ९ ते १४ या वयात, देणे सर्वांत हितकर ठरते.

भारतात या लशीचा मार्ग सरळ झाला नाही. २००९ साली आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात (हा जिल्हा आता तेलंगणात आहे) आणि गुजरातेत वडोदऱ्याला हजारो मुलींना ती देण्यात आली. काही मुलींचे मृत्यू झाल्याचे उघड होताच एप्रिल २०१० मध्ये तो प्रकल्प थांबला. मृत्यूंचा लशीशी संबंध नसल्याचे चौकशी समितीने म्हटले. परंतु दुसरा दोष मात्र खरा ठरला. अनेक आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी वा मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. २०१३ साली संसदीय समितीनेही याविषयी कठोर शब्द वापरले.

या गदारोळात दुसरा एक अभ्यासही बंद पडला. बार्शी व पुणे यांसह देशातील नऊ केंद्रांत १० ते १८ वयाच्या २०,००० अविवाहित मुलींना दोन वा तीन मात्रा देण्याचे ठरले होते. काम थांबले तेव्हा १७,७२९ मुलींना लस मिळाली होती, आणि त्यांतील ४,९५० मुलींना केवळ एकच मात्रा. संशोधकांनी या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनपेक्षित होता. १६ व १८ क्रमांकांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका मात्रेने मिळालेले संरक्षण सुमारे ९५ टक्के होते, म्हणजे तीन मात्रांइतकेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागे ज्या मोजक्या अभ्यासांचा आधार होता त्यांत हा एक. गरीब देशांतील कोट्यवधी मुलींना लस देणे त्यामुळे सुकर झाले. आणि त्या पुराव्यात बार्शीच्या पंचक्रोशीतील शाळकरी मुलींचा वाटा आहे.

त्याच वर्षी, जुलै २०२२ मध्ये, पुण्याच्या सीरम संस्थेने तयार केलेल्या 'सर्व्हाव्हॅक' या लशीस भारतात परवानगी मिळाली. ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर ती आहे, आणि मुलगे व मुली दोघांनाही ती देता येते.

आता मुख व घसा यांपुरते फळ काय मिळाले ते पाहू. ऑस्ट्रेलियाने २००७ साली शाळांतून मुलींना लस देण्यास प्रारंभ केला आणि २०१३ पासून मुलांनाही दिली. त्या मुली पुढे माता झाल्या. बालकांच्या स्वरयंत्रातील गाठींचे नवे रुग्ण तेथे २०१२ साली दर लाख बालकांमागे ०.१६ होते, २०१६ साली ते ०.०२ वर आले. मॅकेन्झीच्या काळापासून शस्त्रवैद्यांना दाद न देणारा रोग असा ओसरत चालला. कोस्टा रिकात लस घेतलेल्या तरुण स्त्रियांची मुखे चार वर्षांनी तपासली असता १६ व १८ क्रमांकांचा मुखातील संसर्ग ९० टक्क्यांहून अधिक प्रमाणात कमी आढळला. तो वृत्तांत २०१३ साली प्रसिद्ध झाला. घशाचा कर्करोग उद्भवण्यास दशके लागतात, म्हणून त्याविषयीचा अखेरचा हिशेब पुढील पिढीच मांडील. परंतु ज्या वाटेने तो येतो ती वाट अडविता येते, एवढे दिसले आहे.

या सर्वांचा जळगाव-धुळ्याच्या नागरिकांनी काय बोध घ्यावा? १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, १९६० साली त्यांना जळगाव व धुळे ही नावे मिळाली, १९९८ साली नंदुरबार वेगळा झाला. सरहद्दी बदलल्या, सातपुड्याच्या पायथ्याची वस्ती तीच राहिली. यावल, चोपडा, शिरपूर, साक्री या तालुक्यांत भिल्ल, पावरा, कोकणी मुलामुलींच्या आश्रमशाळा आहेत. खम्ममची चूक येथे होऊ नये, हा आमचा पहिला आग्रह. लस कितीही गुणकारी असो, मुख्याध्यापकाची सही ही आईबापाची संमती नव्हे. त्यांना त्यांच्या बोलीत, अहिराणीत, भिलीत, पावरीत, समजावून सांगितले पाहिजे, त्यांचे प्रश्न ऐकून घेतले पाहिजेत, आणि मग त्यांनी ठरवावे. समजून दिलेला होकार टिकतो. फसवून घेतलेला होकार एका अफवेने मोडतो, आणि मग लशीचेच नाव बदनाम होते.

दुसरी गोष्ट शहरातील सुशिक्षित घरांसाठी. ही लस मुलीच्या चारित्र्याविषयी काही सांगते, असा एक समज कानावर येतो. धनुर्वाताची लस टोचून घेताना मूल खिळ्यावर पाय देणार आहे असे कोणी म्हणत नाही. हीही तशीच पूर्वतयारी आहे. तिचा विचार मुलांच्या बाबतीतही करावा. घसा मुलग्यांनाही असतो.

तिसरी गोष्ट घरातल्या नित्याच्या दक्षतेची. धडधाकट मुलांच्या मुखात विषाणू शोधीत बसण्याचे कारण नाही. परंतु मुलाचा आवाज आठवडेच्या आठवडे घोगरा राहिला, श्वास घेताना आवाज येऊ लागला, किंवा तोंडातली गाठ वा व्रण दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे. आणि ज्या घरात मुलाला दुकानावर तंबाखूची पुडी आणावयास पाठवितात, त्या घराने लशीच्या आधी तेवढे बंद करावे. विषाणूवर लस निघाली. त्या पुडीवर कोणतीही लस निघालेली नाही.

उस्मानाबादच्या स्त्रिया आणि बार्शीच्या मुली यांनी आपापल्या परीने पुरावा मिळवून दिला. त्यांची नावे कोणत्याही बखरीत येणार नाहीत. त्यांनी जे सिद्ध केले त्याचा उपयोग आपल्या मुलांसाठी, जाणतेपणाने आणि कोणावर जबरदस्ती न करता, करून घेणे एवढेच आपल्या हाती आहे. आणि ते केल्यास त्यांचे ऋण काही अंशी तरी फिटेल.